एकच भुकटी, एकच पद्धत, तरी आकडा दर खेपेला वेगळा: गरम पाण्याच्या अर्कातली गडबड कशी शोधायची

तक्रार नेहमीची आहे. त्याच पानांची भुकटी, तेच ८० अंश तापमान, तीच ३० मिनिटं. पहिल्या खेपेला एकूण पॉलिफेनॉल (टॅनिन, कॅटेचिन यांसारख्या वनस्पती-संयुगांचा गट) ग्रॅममागे २७ मिलिग्रॅम, दुसऱ्या खेपेला २२, तिसऱ्यांदा २५. मग संशय स्पेक्ट्रोफोटोमीटरवर जातो, रिएजंटची नवी बाटली मागवली जाते, आणि आकडा पुन्हा हलतो.

यंत्राचा दोष बहुतेक वेळा नसतोच. पाणी हा दिसायला सगळ्यात साधा द्रावक आहे, पण त्याला निवड करता येत नाही. पॉलिफेनॉलबरोबर स्टार्च, पेक्टिन, प्रथिनं, साखरा, क्षार असं सगळंच ते बाहेर ओढतं. शिवाय उष्णतेमुळे यातली काही संयुगं भांड्यात असतानाच बदलत राहतात. त्यामुळे चूक शोधायची तर पायरीपायरीने मागे जावं लागतं.

फरक नेमका कुठे पडतो ते आधी पकडा

पद्धतीत काहीही बदलण्याआधी एक दिवस या चाचणीला द्या. एकाच अर्काच्या बाटलीतून तीन वेगळे नमुने घ्या, तिन्ही स्वतंत्रपणे पातळ करा आणि रीडिंग घ्या. मग एकाच डब्यातल्या, नीट ढवळलेल्या भुकटीतून तीन वेगळे अर्क काढा आणि प्रत्येकाचं रीडिंग घ्या. शेवटी मूळ मालाच्या तीन वेगवेगळ्या भागांपासून तीन भुकट्या करा आणि त्यांचे अर्क तपासा.

पहिल्या तीन आकड्यांतच ४-५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर दोष चाचणीत आहे: पिपेट, थांबण्याची वेळ, रिएजंट. ते तीन जुळतात, पण तीन अर्कांत १० टक्क्यांहून जास्त फरक आहे, तर दोष अर्क काढण्यात आहे. हेही जुळत असेल आणि फक्त भुकट्या वेगळ्या वागत असतील तर प्रश्न मालाचा किंवा दळण्याचा. ही विभागणी केली नाही तर चाचणीतली चूक सुधारण्यासाठी लोक तापमान बदलत बसतात आणि आठवडे जातात.

हिशेबात हरवणारे अठरा टक्के

प्रयोगात काहीही न बिघडता आकडा बदलण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, म्हणून ते सविस्तर बघू.

५.०० ग्रॅम भुकटी, १०० मिली पाणी. गाळल्यावर हातात आलं ८२ मिली. उरलेलं १८ मिली चोथ्याने धरून ठेवलं. कोरडी पानं स्वतःच्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी सहज धरून ठेवतात. अर्क ४० पट पातळ केला आणि स्टँडर्ड कर्व्हवरून (माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणांच्या आलेखावरून) लिटरला ३१ मिलिग्रॅम गॅलिक ॲसिड असा आकडा मिळाला; पॉलिफेनॉल याच ॲसिडच्या तुलनेत मोजतात. म्हणजे मूळ अर्कात लिटरला १२४० मिलिग्रॅम. भुकटीतला ओलावा ९.२ टक्के, म्हणजे कोरडं वजन ४.५४ ग्रॅम.

आता तीन जण तीन हिशेब करतात. एक जण १०० मिली आणि कोरडं वजन धरतो: ग्रॅममागे २७.३ मिलिग्रॅम. दुसरा ओलावा वजा करत नाही: २४.८. तिसरा कोरडं वजन घेतो, पण घनफळ हातात आलेलं ८२ मिली धरतो: २२.४. सुरुवातीच्या तक्रारीतले तिन्ही आकडे साधारण हेच आहेत, आणि अर्क एकच होता.

उपाय: चोथा दाबून पिळा, १० मिली गरम पाण्याने दोनदा धुवा, धुण्याचं पाणी मूळ अर्कात मिसळा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच मेजरिंग फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. गरम असताना खुणेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते. धुण्याच्या पाण्यासाठी फ्लास्कमध्ये जागा हवी. १०० मिली पाण्यातला अर्क १०० च्या फ्लास्कमध्ये मावत नसेल तर सुरुवात ८० मिलीने करा किंवा फ्लास्क १२५ किंवा १५० चा घ्या. ओलावा दर डब्यासाठी वेगळा मोजा: २ ग्रॅम भुकटी १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत. डबा उघडा राहिला तर भुकटी हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे मागच्या महिन्याचा आकडा चालत नाही.

अर्क काढताना

वॉटर बाथवर ८० लिहिलेलं असतं, फ्लास्कच्या आत मात्र ७२ असू शकतं. थर्मामीटर फ्लास्कमधल्या द्रवात बुडवा. ‘उकळत्या पाण्यात’ असं लिहून थांबू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीमागे पाणी साधारण १ अंश आधी उकळायला लागतं. झाकण किंवा कंडेन्सर नसेल तर अर्ध्या तासात इतकं पाणी उडतं की अर्क आपोआप घट्ट होतो. मात्र बाटलीचं झाकण घट्ट बंद करून तापवू नका, ती फुटेल.

भुकटी आधीच तापलेल्या पाण्यात टाका. थंड पाण्यात टाकून हळूहळू तापवलं तर ३० ते ५० अंशांच्या टप्प्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम पूर्ण जोमात काम करतं आणि ८० ला पोचेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. अर्क तपकिरी पडतो आणि एचपीएलसीवर (संयुगं कॉलममधून वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) कॅटेचिन किंवा क्लोरोजेनिक ॲसिड या पॉलिफेनॉलची आलेखातली शिखरं लहान होतात.

पण एकदम ओतू नका. एकगठ्ठा भुकटी पाण्यावर तरंगते, बाहेरचा थर भिजून चिकट होतो आणि त्याची गुठळी बनते. अशी गुठळी चमच्याने फोडून बघा: आत कोरडी, मूळ रंगाची भुकटी सापडते. तेवढा माल अर्कात उतरलेलाच नसतो आणि दर खेपेला गुठळ्यांची संख्या वेगळी असते. मॅग्नेटिक ढवळणी चालू ठेवून चिमटीचिमटीने, मिनिटभरात सगळी टाका. वेळ मोजायला शेवटच्या चिमटीनंतर सुरुवात करा.

कणांचा आकार ०.२५ ते ०.४२ मिलिमीटर, म्हणजे ६० आणि ४० मेशच्या चाळण्यांमधला, बहुतेक पानांना ठीक जातो. त्याहून जाड असेल तर आतला भाग सुटत नाही, मैद्यासारखं बारीक केलं तर गाळणं तुंबतं. चाळणीवर उरलेल्या शिरा आणि देठ फेकून देऊ नका. पुन्हा दळून चाळा. फेकले तर मऊ पातीचा वाटा वाढतो आणि नमुना मूळ पानाचा राहत नाही. ग्राइंडर १०-१० सेकंद चालवून थांबवा, भांडं हाताला गरम लागता कामा नये.

तापमान वाढवलं की जास्त मिळतं, हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २५ अंशांवर ७८ च्या आसपास असतो, १०० अंशांवर ५६ पर्यंत येतो. मिथेनॉलचा ३३ आहे. म्हणजे गरम पाणी थोडं कमी ध्रुवीय होतं, पण मिथेनॉल होत नाही. साखर जोडलेली फ्लेव्होनॉइड (पॉलिफेनॉलचाच एक गट) त्यात उतरतात. साखर नसलेलं क्वेर्सेटिन मुख्यतः चोथ्यातच राहतं. ते हवं असेल तर पाण्याचा हट्ट सोडा आणि ५० ते ७० टक्के इथेनॉल वापरा. उलट बाजूने, कॅटेचिन ८० अंशांच्या वर जास्त वेळ राहिली की त्यांच्या रेणूची मांडणी बदलून एपिमर होतं (ईजीसीजीचं जीसीजी), आणि अँथोसायनिन तर ६०-७० अंशांनाच फिकट पडायला लागतात.

आपल्या वनस्पतीसाठी योग्य वेळ ठरवायची तर ५, १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांनी १-१ मिली काढून लगेच बर्फात ठेवा आणि आलेख काढा. आलेख सपाट झाला तिथे थांबा. मग चोथा ताज्या पाण्यात पुन्हा काढून बघा. दुसऱ्या अर्कात पहिल्याच्या १० टक्क्यांहून जास्त येत असेल तर पहिला अर्क अपुरा आहे. वेळ वाढवण्यापेक्षा पाणी दोन हिश्श्यांत विभागून दोनदा काढणं जास्त फायद्याचं. पॉलिफेनॉलसाठी १ ग्रॅमला २० ते ४० मिली पुरतं. पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) हवी असतील तर गणित वेगळं: ९० ते ९५ अंश, दोन तास, दोन-तीन वेळा.

ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना काढलेला अर्क गडद दिसतो आणि फोलिन रिएजंटने मोजलेला पॉलिफेनॉलचा आकडाही वर जातो. त्यावर खूश होण्याआधी एचपीएलसी करा. साखर आणि अमिनो ॲसिडच्या मेलार्ड अभिक्रियेतून तयार झालेले तपकिरी पदार्थही फोलिनला पॉलिफेनॉलसारखेच दिसतात, आणि मूळ संयुगांची शिखरं तेव्हा घटत असू शकतात.

पाणी

नळाचं पाणी वापरू नका, गाळलेलं असलं तरी. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे तापवल्यावर पीएच वर जातो, आणि कॅटेचिन पीएच ४ च्या खाली टिकतात तर ७-८ च्या वर झपाट्याने नष्ट होतात. लोह तर अजिबात चालत नाही. टॅनिन असलेल्या अर्कात गंजलेला चमचा किंवा टवका उडालेलं एनॅमलचं भांडं आलं की काठापासून निळसर काळी छटा पसरायला लागते. ते लोह आणि टॅनिनचं संकुल आहे. तो अर्क टाकून द्यावा. रंग गाळून जात नाही आणि रीडिंगमध्ये घुसतो. काच आणि डीआयोनाइज्ड पाणी वापरा.

तपकिरीपणा थांबवायला काही जण एस्कॉर्बिक ॲसिड घालतात. अर्क खरोखर स्वच्छ राहतो, पण एस्कॉर्बिक ॲसिड फोलिन रिएजंटला स्वतःच क्षपित करतं, त्यामुळे पॉलिफेनॉलचा आकडा खोटा फुगतो. पीएच ४ च्या आसपास आणायला थोडं सायट्रिक ॲसिड घातलेलं बरं, आणि तेच ब्लँकमध्येही (अर्क नसलेल्या तुलनेच्या नमुन्यात) घाला.

गढूळपणा: तीन टप्प्यांची तपासणी

गाळलेला अर्क गरम असताना पारदर्शक, थंड झाल्यावर दुधाळ. किंवा मुळातच गढूळ आणि गाळणी तुंबवणारा. उपाय कारणावर अवलंबून आहे, म्हणून आधी ओळखा.

थोडा अर्क ६० अंशांपर्यंत पुन्हा तापवा. स्वच्छ झाला तर ते कॅफिन, प्रथिनं आणि पॉलिफेनॉल यांचं थंडीत बांधलं जाणारं संकुल आहे. ते गाळून टाकलं तर पॉलिफेनॉलच फेकले गेले. कोमट असतानाच पातळ करा, किंवा समान घनफळाचं मिथेनॉल घालून विरघळवा.

स्वच्छ झाला नाही तर नमुना पूर्ण थंड करून आयोडीनचा थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च. गरम द्रवात हा रंग दिसत नाही, म्हणून थंड करणं महत्त्वाचं. पॉलिफेनॉल पहिले काही थेंब खाऊन टाकतात आणि आयोडीनचा रंग उडतो. रंग टिकेपर्यंत थेंब टाकत राहा. कंद, मुळं, बिया यांत हे हमखास होतं, कारण ६० ते ७५ अंशांत स्टार्च फुगून पेजेसारखा होतो. अशा मालाला ५०-५५ अंशांवर जास्त वेळ काढून बघा, किंवा अल्फा-अमायलेज वापरून स्टार्च तोडा. मात्र नंतर साखरेचे आकडे मोजायचे असतील तर अमायलेज नको.

आयोडीन निळं होत नाही, तर १ मिली अर्कात ३ मिली इथेनॉल घाला. लोकरीसारखे धागे तरंगायला लागले तर पेक्टिन किंवा चिकटा.

गाळण्याचा क्रम: मलमल, मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४००० ते ५००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट), १५ मिनिटं, मग ग्लास फायबर फिल्टर, आणि शेवटी ०.४५ मायक्रॉन. सरळ ०.४५ वर गेलात तर दोन मिलीतच फिल्टर बंद. नायलॉनचे सिरिंज फिल्टर पॉलिफेनॉल धरून ठेवतात. पीव्हीडीएफ घ्या आणि पहिला १ मिली टाकून द्या.

रंगाच्या चाचण्या काय खोटं सांगतात

फोलिन-सिओकाल्टो: १ मिली पातळ केलेला अर्क, ५ मिली १० टक्के रिएजंट, ३ ते ८ मिनिटांच्या आत ४ मिली ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट, ६० मिनिटं थांबून ७६५ नॅनोमीटरला रीडिंग. स्टँडर्ड मिलीला १० ते ५० मायक्रोग्रॅम गॅलिक ॲसिड, दर वेळी ताजा कर्व्ह. रिएजंट पिवळा असतो. हिरवट झाला असेल तर तो आधीच क्षपित झालेला आहे, वापरू नका. कार्बोनेट घातल्यावर पांढरा गढूळपणा आला तर अर्कात कॅल्शियम जास्त आहे आणि कॅल्शियम कार्बोनेट बसतोय. रीडिंगआधी सेंट्रिफ्यूज करा. साखर आणि एस्कॉर्बिक ॲसिड किती अडथळा आणतायत हे कळायला अर्क सी-१८ कार्ट्रिजमधून सोडा. साखर वाहून जाते, बरीचशी पॉलिफेनॉल अडकतात, ती मिथेनॉलने काढून पुन्हा मोजा. गॅलिक ॲसिडसारखी फार ध्रुवीय संयुगं मात्र साखरेबरोबरच निसटतात, हे ध्यानात असू द्या.

ॲल्युमिनियम क्लोराइडची फ्लेव्होनॉइड चाचणी पाण्याच्या अर्कावर फार फसवते. रिएजंट मिथेनॉलमध्ये असतो; अर्क त्यात पडताच पॉलिसॅकराइड खाली बसतात आणि तो धूसरपणा ४१५ नॅनोमीटरला फ्लेव्होनॉइड म्हणून मोजला जातो. प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक ठेवा: तोच अर्क, तितकंच मिथेनॉल, फक्त ॲल्युमिनियम क्लोराइड नाही. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीचंही तसंच, त्यातही मिश्रणात पाणी फार झालं तर डीपीपीएच स्वतःच विरघळलेला राहत नाही. पाण्याच्या अर्कासाठी एबीटीएस ही दुसरी अँटिऑक्सिडंट चाचणी जास्त विश्वासाची: ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट, अंधारात १२ ते १६ तास, मग ७३४ नॅनोमीटरला ०.७० येईपर्यंत पातळ.

फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडने पॉलिसॅकराइड मोजताना मोकळी साखर आधी काढा. अर्क पाचव्या हिश्श्यापर्यंत आटवा, चौपट ९५ टक्के इथेनॉल घाला, रात्रभर ४ अंशांवर ठेवा आणि खाली बसलेला गाळ पाण्यात घेऊन डायलिसिस करा. एखाद्याच नळीचा आकडा अचानक दुप्पट आला तर त्या नळीत कापसाचा किंवा फिल्टर कागदाचा तंतू गेला आहे का ते बघा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच, त्यामुळे एक तंतूही रंग देतो. नळ्या कापडाने पुसू नका. आणि या चाचणीत फिनॉल व तीव्र आम्ल दोन्ही आहेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

एचपीएलसीचा दाब चढत जातो

पहिली दहा इंजेक्शनं नीट, मग दाब वाढायला लागतो, शिखरं रुंदावतात. अर्क ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेला असूनही हे होतं. कारण विरघळलेले पॉलिसॅकराइड गाळणीतून निघून जातात आणि ॲसिटोनायट्राइल भेटल्यावर कॉलमच्या तोंडाशी बसतात. खात्री करायची सोपी रीत: एका लहान काचेच्या कुपीत अर्ध्यापर्यंत ॲसिटोनायट्राइल घ्या आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर धरून अर्काचा एक थेंब सोडा. थेंबामागे पांढुरका धूर ओढल्यासारखी रेघ दिसली तर तेच तुमच्या कॉलममध्ये होतंय.

हा गाळ कॉलमबाहेरच बसवून टाका. अर्कात समान घनफळाचं ॲसिटोनायट्राइल मिसळा, १० मिनिटं थंड ठेवा, १०,००० जी वर १० मिनिटं फिरवा आणि वरचा द्रव घ्या. आता त्यात ५० टक्के ॲसिटोनायट्राइल आहे आणि तो तसाच सोडला तर सुरुवातीची शिखरं दुभंगतात. म्हणून ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिडच्या पाण्याने पाचपट पातळ करा आणि ५ मायक्रोलिटरच टोचा. गाळात किती पॉलिफेनॉल गेले ते एकदा स्टँडर्ड घालून रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती परत मिळालं) काढून तपासा.

ओळख पटवताना एकाच तरंगलांबीवर राहू नका: कॅटेचिन आणि गॅलिक ॲसिड २८० ला, कॅफेइक आणि क्लोरोजेनिक ॲसिडचे प्रकार ३२५ ला, फ्लेव्होनॉल ३६० ला. रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) जुळला म्हणजे संयुग तेच, असं धरू नका. स्टँडर्ड अर्कातच घालून तेच शिखर वाढतं का बघा. क्लोरोजेनिक ॲसिड गरम पाण्यात स्वतःच्या शेजारच्या आयसोमरांत बदलतं, त्यामुळे एकाच्या जागी तीन शिखरं दिसली तर ती वनस्पतीत मुळात होती की भांड्यात तयार झाली हे थंड मिथेनॉलच्या अर्काशी ताडून बघा.

मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानाच्या आलेखात) १६२ ची घट दिसली की लगेच ‘हेक्सोज साखर’ असं लिहिलं जातं. कॅफेओइल गटाचं वस्तुमानही १६२ च आहे: हेक्सोज १६२.०५३, कॅफेओइल १६२.०३२. साध्या क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरवर हा फरक दिसत नाही. तेव्हा त्याच शिखराचा यूव्ही स्पेक्ट्रम उघडा. ३२५ च्या आसपास कमाल आणि ३०० जवळ खांदा असेल तर कॅफेओइलची शक्यता जास्त. स्पेक्ट्रम निव्वळ फ्लेव्होनॉलसारखा, म्हणजे २५५ आणि ३५५ च्या आसपास दोन पट्ट्यांचा असेल तर साखर.